हरेश्वरच्या दंडावरचा गोळा

"अवो, ही ताकद नाय, तुटलेली दोरी हाय!"

"दोरी असंल तुजी! हात लावून बघ, दगड झालाय दगड!"

"चार दिवस अख्ख्या अर्नाळ्यानं हात लावला. आता डॉक्टरला शिवू द्या!"

भांडताना जयवंतीला हसू आवरत नव्हतं, हीच पंचाईत. तिचा नवरा हरेश्वर बावन्न वर्षांचा तांडेल, बोटीचा म्होरक्या. दुरुस्त झालेलं इंजिन बोटीत चढवताना दोर निसटला, सगळा भार याच्या उजव्या हातावर आला आणि कोपरात टप्पकन वाजलं. दंडाचा स्नायू वर सरकून त्याचा गोळा झाला. गडी खूश! बाह्या सारून बंदरभर मिरवला. सासू भागूबाईनं तर दृष्टही काढली. कोपर जांभळं पडलं, तेव्हा कुठे विरार गाठलं.

डॉक्टर म्हणाले, "स्नायूची दोरी हाडापासून सुटलीय. नाही शिवली तरी जेवाल, शर्ट घालाल. पण हात पिळून फिरवायचा जोर कायमचा कमी राहील. शिवायची तर दोन आठवड्यांत, उशीर झाला की अवघड. आणि पुढे चार महिने वजन उचलायचं नाही."

"आठ दिवसांत मासेमारीची बंदी उठतेय," हरेश्वर आता गरजला, "बोट कोन नेनार?"

"तुमचा भाव, विघ्नेश."

"त्याला पान्यातले खडक ठावं हायत?"

"तुमाला हायत ना? मंग सांगा त्याला. तोंड कुठं तुटलंय?"

आतून भागूबाई फिस्सकन हसली.

जयवंतीनं पेचकस आणून त्याच्या हातात कोंबला. "दाराच्या बिजागरीचा स्क्रू अर्धाच बसलाय. पिळून घट्ट करा. जमलं तर ऑपरेशनचं नाव काढनार नाय."

"एवढंच?" हरेश्वरनं छाती फुगवली. पेचकस लावला. पिळला. स्क्रू ढिम्म! दंडावरचा गोळा मात्र बेडकासारखा टुणकन उडाला. भागूबाई हसता हसता खालीच बसली.

"डाव्यानं करतो."

"डावा नाय! उजवाच!"

पुन्हा पिळला. कपाळावर घाम, ओठ दातांखाली. स्क्रू तसूभर हलला नाही. मग हरेश्वरही हसायला लागला, आणि हसता हसता मध्येच थांबला.

जयवंतीचा आवाज खाली आला. "भर दर्यात इंजिनाचा नट सुटला, आनि असंच झालं तर? सहा मानसं असतात बोटीत. बोला, शिवायचा का नाय हात?"

हरेश्वरनं पेचकस उंबऱ्यावर ठेवला. खिळ्यावरची बोटीची चावी काढली, आणि विघ्नेशच्या घराकडे चालू लागला.