तपासनीस येण्याआधी

जपानमधल्या यानागावा गावात कालव्याकाठी राहणाऱ्या मिसाओचं घर म्हणजे गल्लीतल्या सुनांना दाखवायचा नमुना. गाद्या उन्हात, चटया कोरड्या फडक्याने पुसलेल्या, आरशावर एक शिंतोडा नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू म्हणाली होती, बुरशी लाकडाला धरत नाही, बाईच्या आळसाला धरते. ते मिसाओने आयुष्यभर मनाला लावून घेतलं. म्हणून तर न्हाणीघराबाहेरची फळी पायाखाली मऊ लागू लागली, तेव्हा तिने सुताराला बोलावलं नाही, वर जाजम अंथरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नवरा तामेओ दर पावसाळ्यात खोकायचा आणि थंडी पडली की बरा व्हायचा. यंदा मात्र ताप आणि धाप इतकी वाढली की त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. तिथे फारशा औषधांविनाच त्याचा श्वास मोकळा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार फुप्फुसाचा असला तरी मूळ घरात दिसतंय. ओल्या लाकडातली बुरशी श्वासावाटे आत जाते आणि दरवर्षी फुप्फुस थोडं थोडं निबर करते, आणि निबर झालेलं पुन्हा मऊ होत नाही. घर तपासायला त्यांनी कुरोगी नावाच्या तपासनिसाला पाठवायचं ठरवलं. तो येईपर्यंत काही हलवू नका, पुसू नका, असंही बजावलं.

पण परका माणूस येणार आणि घर न पुसता ठेवायचं? मिसाओच्या हातून ते होणं नव्हतं. तिने जाजम उचललं, फळीवरचा काळा-पिवळा थर खरवडला, ब्लीच ओतून घासघास घासला आणि वर नवंकोरं जाजम घातलं. कुरोगीने हवेचे, भिंतींचे नमुने घेतले. जाजमाखाली पाहू का, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने हसत त्याच्यापुढे जवाचा गार चहा ठेवला. "तिथे काय असणार? रोज पुसते हो मी." त्यानेही भिडेखातर जाजम उचललं नाही.

अहवाल चांगला आला. मग डॉक्टरीणबाईंचा संशय तामेओने पाळलेल्या पाखरावर गेला, कारण पिसांच्या धुळीनेही असाच खोकला होतो. लाल चोचीची ती मोमो त्याच्या खांद्यावर बसून ताटातला भात टिपायची. तामेओने हूं की चूं न करता पिंजरा लांबच्या पुतणीकडे पाठवायला सांगितलं. पिंजऱ्याला फडकं गुंडाळलं ते मिसाओनेच. तेव्हा तरी तिने बोलायला हवं होतं, पण इतक्या वर्षांच्या नावलौकिकाने तिचं तोंड शिवून टाकलं होतं.

तामेओ घरी आला आणि दुसऱ्याच संध्याकाळी पुन्हा धापा टाकू लागला. त्याला इस्पितळात पोचवून आल्यावर मिसाओने स्वतः कुरोगीला फोन केला. माणसं आली, त्यांनी प्लास्टिकचे पडदे लावले, तोंडाला मास्क बांधले आणि फळी उपटली. खालचा वासा बोटाने कुसकरला जात होता. कुरोगी तिला एका शब्दाने बोलला नाही, आणि त्यामुळेच ती मेल्याहून मेली. सडकं लाकूड पोत्यांत भरून तिच्याच दारातून, गल्लीदेखत बाहेर गेलं. शेजारणी कुंपणाशी उभ्या होत्या.

इस्पितळात पलंगाशी बसून तिने सगळं सांगून टाकलं. "अहो, मी आधीच पुसून ठेवलं होतं. तुमचं पाखरू माझ्यामुळे गेलं."

तामेओने नाकातली नळी सारखी केली. "पाहुणा येणार आणि तू घर पुसणार नाहीस? अहवाल चांगला आला तेव्हाच मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर चारचौघांत तुझी मान खाली गेली असती. म्हटलं, त्या पाखराचाच दोष निघू दे. देवाकडे तेच मागत होतो."

मिसाओने पलंगाच्या कडेवर कपाळ टेकलं. त्याने दोनदा हाक मारली, तरी वर पाहायची तिला हिंमत होईना.