पॉवर सप्लायची पूजा

आमच्या घरात खिडकीजवळचा कोपरा एकच. उजेड तिथे, वारा तिथे आणि वर्षानुवर्षं तिथेच यांचा कॉम्प्युटर. 'यांचा' म्हणजे आमच्या यजमानांचा. सोसायटीत सर्वांत आधी आलेला, फ्लॉपीवाला, ट्रंकेएवढा. मुलं लॅपटॉप घेऊन परदेशी गेली, तरी हा जागचा हलला नाही. मग गेल्या पावसाळ्यात जळका वास सोडून तो एकदाचा गप्प झाला. मला वाईट वाटलं म्हटलं तर खोटं होईल. माझी पेटी माळ्यावर लुगड्यात गुंडाळून पडली होती. निवृत्त झाल्यावर मी पुन्हा गाण्याच्या क्लासला जायला लागले होते आणि रियाज चालायचा ओट्यापाशी, कुकरच्या शिट्टीच्या साथीनं. मला तो कोपरा हवा होता.

तेव्हा करार ठरला. खंडेनवमीपर्यंत कॉम्प्युटर सुरू झाला तर कोपरा त्याचा, नाहीतर तो भंगारात आणि पेटी खाली. बंद हत्याराची पूजा करायची नाही, हा यांचाच नियम.

गेला होता तो पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला सोसेल अशी करून देणारा आतला पत्र्याचा डबा. प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते, म्हणून यांनी तो आधी रात्रभर तसाच पडू दिला. मग जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आतून तांदूळ सांडले. कुंकवानं लाल झालेले. त्यांच्या पाठोपाठ झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि थोडी हळदही आली. पंख्यात अक्षता इतक्या घट्ट बसल्या होत्या की तो बोटानंसुद्धा फिरेना. पंखा अडला, डबा तापला आणि आतले वीज साठवणारे कॅपॅसिटर फुगले, असा सगळा प्रकार होता.

मला काही विचारावं लागलं नाही. दर खंडेनवमीला या मशीनची पूजा हे स्वतः करायचे. इतरांसारखं वर एक फूल ठेवून यांचं भागायचं नाही. यंत्रात प्राण जिथून शिरतो तिथे पूजा व्हायला हवी, असं यांचं शास्त्र, म्हणून मागच्या जाळीवर मूठभर अक्षता. आत जातील, असं मी एकदा म्हटलं होतं. तेव्हा घरात इंजिनिअर कोण आहे, हे मला ऐकवण्यात आलं होतं.

आता मी फक्त वाटी आणली आणि तांदूळ वेचायला बसले.

"दोघांपुरती खिचडी होईल," एवढंच मी म्हणाले.

हे त्याच तिरिमिरीत बुधवार पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. अशा मशीनला आम्ही लांबून नमस्कार करतो, असं दुकानदारानं सुनावलं म्हणे, पण कॅपॅसिटर दिले. नवमीच्या सकाळी जोडणी पुरी झाली. एकदम वीज सोडायची हिंमत नव्हती, म्हणून मध्ये एक जुना पिवळा बल्ब लावला. तो लखलखत राहिला तर आत शॉर्ट, क्षणभर पेटून मंदावला तर सप्लाय ठीक. त्या वेळी मी देवाकडे काय मागत होते ते इथे लिहीत नाही.

बल्ब पेटला आणि मंदावला. पंखा फिरू लागला, पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. यांचा चेहरा असा खुलला की मी कोपरा हरले, हे घटकाभर विसरूनच गेले.

मग हे खुर्ची ओढून बसले. एकदोन फायली उघडल्या, मिटल्या. चहा प्यायले. पुन्हा त्याच फायली उघडल्या. त्यावर करण्यासारखं आता काहीच उरलेलं नाही, हे आम्हा दोघांना एकदमच कळलं असावं. मला यांची फार दया आली. पूजा मीच उरकून घेतली.

दुपारी यांनी मशीन बंद केलं, चादरीत बांधलं आणि पलंगाखाली सरकवलं. मग शिडी लावून माझी पेटी खाली आणली.

"अहो, पण जिंकलात तुम्ही," मी म्हटलं.

"असू दे. तू बस."

खिडकीशी बसून मी सूर धरला. हे समोर बसून अगदी मन लावून ऐकत होते. इतकं लक्ष लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होतं, म्हणून मी जरा जास्तच रंगून गायले. डोळे उघडले तेव्हा यांची नजर पेटीच्या भात्यावर खिळलेली होती आणि हातात स्क्रू ड्रायव्हर होता.

"किंचित हवा जातेय ना गं?" हे म्हणाले. "उघडून बघू का?"