सतरा सप्टेंबरचं भाषण

बाकी महाराष्ट्रातल्या शाळांना झेंडा वर्षातून तीनदा लावावा लागतो, आम्हा मराठवाड्यातल्यांना चारदा. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, आणि निजामाच्या राज्यातून आपली सुटका झाली तो सतरा सप्टेंबर. पंधरा ऑगस्टला मैदानावर आखलेली फक्की पुसली जात नाही तोवर दुसरी आखायला घ्यायची. कंधार तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी एकोणीस वर्षं मराठी शिकवतेय, आणि खरं सांगू का, सतरा तारखेचं नाव काढलं की माझं डोकं उठतं. नांदेडहून पहिली गाडी धरायची, मग प्रभातफेरी, झेंडा, भाषणं, बिस्किटं. एवढं करून फोटो वेळेत ग्रुपवर पडले नाहीत की वरून फोन ठरलेला. देशाबद्दल काही वाटायला सवड मिळते कुणाला?

झेंडा बांधायचं काम आमच्या गणिताच्या सरांकडं. सर मुसलमान, शेजारच्याच गावचे. घडी घालून, आत पाकळ्या ठेवून त्यांनी मारलेली गाठ एका हिसक्यात सुटते. एका वर्षी ते रजेवर होते, तर झेंडा वर जाऊन तसाच गुंडाळलेला राहिला आणि आम्ही पाहुण्यांसमोर घाम पुसत उभे. तेव्हापासून झेंड्याच्या दिवशी त्यांना कुणी रजा देत नाही, आणि तेही मागत नाहीत.

गेल्या वर्षी ऑगस्टअखेरीला सर माझ्याकडं आले. त्यांची मुलगी सहावीत, आमच्याच शाळेत. डोक्यानं तल्लख, पण तोंड उघडायचं नाव नाही. हजेरीला ‘हजर’ म्हणायची तेसुद्धा बाकाला सांगितल्यासारखं.

‘मॅडम, सतराला हिला एखादं भाषण द्या. पोरगी लई लाजून राहिली. एकदा माईकपुढं उभारली की भीती मोडंल बघा.’

‘देऊ की सर, त्यात काय एवढं,’ मी म्हणाले.

माझ्याकडं एक फाईल आहे. चार दिवसांची चार पाकिटं, प्रत्येकात भाषणांच्या झेरॉक्स. पोरं बदलतात, कागद तेच. सतराच्या पाकिटातला वरचा कागद काढला आणि दिला तिच्या हातात. वाचला नाही. कशाला वाचायचा, मीच तर लिहिलेला. पण त्याचा शेवटचा परिच्छेद बऱ्याच वर्षांपूर्वी एका पुढाऱ्यानं मला घालायला लावला होता. ‘निजामाच्या राज्यात जुलूम करणाऱ्यांची औलाद आजही आपल्या गावात, आपल्या शेजारी राहते. त्यांना ओळखा, सावध राहा.’ लिहिताना माझा हात अडखळला होता. पण कोण डोकं लावणार, म्हणून लिहून दिलं आणि विसरून गेले. त्यानंतर कितीतरी पोरांनी तो म्हणून टाळ्या घेतल्या, आणि प्रत्येक वेळी सर तिथंच खांबाजवळ उभे होते. मी थकलेली असते, माझं लक्ष नसतं, असं मी स्वतःला सांगत आलेय. ते काही पूर्ण खरं नाही. ऐकलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं, म्हणून मी ऐकत नव्हते.

सोळा तारखेला मी मुलीला म्हटलं, म्हणून दाखव. ती म्हणत होती आणि मी मोबाईलवर कसलीतरी माहिती भरत होते. ‘आवाज वाढव,’ एवढंच मी तिला शिकवलं.

सतराला सकाळी झेंडा चढला, पाकळ्या पडल्या, पाहुणे बोलून बसले. मग तिचं नाव पुकारलं. नवा गणवेश, दोन वेण्या, तांबड्या रिबिनी. माईक तिच्या कपाळाला येत होता, तो सरांनी स्वतः येऊन खाली केला आणि परत खांबाजवळ गेले. ‘सन्माननीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो.’ काय आवाज लागला हो तिचा. पोरं चुळबुळायची थांबली. मला बरं वाटलं आणि मी सरांकडं बघितलं. लेकरू अडकू नये म्हणून आईबाप करतात तसे त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. शब्द न् शब्द त्यांना पाठ होता.

आणि मग मला एकदम आठवलं, पुढं काय येतंय ते. मी खुर्चीतून अर्धी उठले. काय करणार होते? माईक बंद? सगळ्या गावासमोर तिला खाली बसवणार? मी परत बसले.

‘त्यांना ओळखा,’ ती बोट वर करून म्हणाली, ‘सावध राहा.’ सरांचे ओठ तेव्हाही हलत होते. टाळ्या इतक्या पडल्या की पाहुण्यांनी तिला जवळ बोलावून आपल्या खिशातला पेन दिला. ती पळत बापाकडं गेली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला बिस्किटांच्या रांगेत पाठवलं.

पोरं बिस्किटांच्या रांगेला लागली तेव्हा सर माईकची वायर गुंडाळत होते. मी जवळ गेले. लाजेनं मेल्यासारखं झालं होतं.

‘सर, तो कागद मी न वाचताच दिला.’

‘ठाऊक हाय मॅडम.’

‘तुम्ही आधी ऐकलं होतं?’

‘पंधरा दिवस घरात तेच चालू होतं. आरशापुढं, जेवताना. तिच्या अम्मीला बी पाठ झालंय.’

‘मग मला सांगायचं होतं हो. एक फोन करायचा होता. दुसरं दिलं असतं मी.’

सरांनी वायरचं वेटोळं खांद्यावर टाकलं. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

‘मी विचारलं तिला, हे कोन लोक गं? तर म्हनली, असतील कुनीतरी लई वाईट.’ मग रांगेत उभ्या मुलीकडं बघून ते म्हणाले, ‘कागद काढून घेतला असता तर का म्हनून विचारलं असतं तिनं. तिला अजून म्हाईत न्हाई मॅडम, की ते आपनच. निघतील तेवढे दिवस निघू द्या.’