भिकनआप्पांच्या कानातला गोडवा

भिकनआप्पा काम करताना डावा हात पँटच्या खिशात घालून बसत. पाहणाऱ्याला वाटे, काय ऐट आहे! समोर गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर उघडा पडलेला, आत बोटभर उंचीचे काचेचे व्हॉल्व्ह लालसर तापलेले, आणि आप्पा एकाच हाताने स्क्रू ड्रायव्हर चालवताहेत. पहिल्याच भेटीत मी न राहवून कारण विचारलं. म्हणाले, "दोन्ही हात आत घातले तं करंट छातीतून जास, साहेब. वीज हातले माफ करस, काळीजले नही."

आप्पा धुळ्याकडचे. गावात रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ गेले, तसे ते सुरतला येऊन बमरोलीत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, लागले ते तीस वर्षं. सुट्टीच्या दिवशी मात्र भंगारातून जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह शोधून आणायचे, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचे आणि प्लायवुडच्या खोक्यात गिटारचा अ‍ॅम्प उभा करायचे. ज्यांना दुकानातला झेपत नाही, ते आप्पांकडे येत. "गरब्याच्या मैदानात हजारो वॅट लागतीन," ते म्हणत, "माणसाच्या खोलीले पाच वॅट पुष्कळ शे."

मी परभणीचा, इथे बँकेत कारकून. चाळिशीत गिटारचा नाद लागला आणि आप्पांचा अ‍ॅम्प घरी आला, त्याला आता दहा वर्षं झाली. त्याला बटण एकच, आवाज कमीजास्त करण्याचं. आवाज तीक्ष्ण-मऊ करण्याचं बटण कुठे आहे, असं मी विचारलं तर आप्पा दुखावले. "गोडवा मी बटनवर सोडत नही. आतच बसाडी देस." आणि ते खरं होतं. एकेक कपॅसिटर लावून, तार छेडून, मान कलती करून ते ऐकत. मनासारखा स्वर आला की तो कपॅसिटर डाख देऊन तिथेच कायमचा पक्का करत. माझ्या अ‍ॅम्पचा आवाज इतका मऊ होता की माझं वाजवणंही लोक सहन करत.

गेल्या वर्षी सुरतेतल्याच अडाजणच्या एका संगीत क्लासने आप्पांना एकदम आठ अ‍ॅम्प सांगितले. पसंत पडले तर पुढेही घेणार होते. आप्पांनी लूम सोडला. डॉक्टरांनी कान जपायला सांगितलंच होतं. "हाई जमलं तं परत त्या खडखडाटात जाणार नही," ते म्हणाले. त्यांना इतकं आनंदात मी कधीच पाहिलं नव्हतं.

आठही तयार झाल्यावर एका दुपारी त्यांनी ऐकायला बोलावलं. त्यांचे लूमवरचे चार जुने सोबती आले होते. मी गिटार जोडून वाजवलं आणि माझ्या कानात सुई गेली. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज, आणि त्यामागे सतत सूं सूं. मी सोबत्यांकडे पाहिलं. ते माना डोलवत होते. "एक नंबर, आप्पा!" त्यांचं काय चुकलं? चौघांचेही कान लूमच्या खडखडाटाने खाल्ले होते. उंच पट्टीचे बारीक स्वर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. आता आप्पांनाही पोचत नव्हते, म्हणून ते बारीक स्वर वाढवत गेले होते.

त्या खोलीत धड कान फक्त माझे होते. पण आम्ही बँकवाले गोड बोलण्याचाच पगार घेतो. आप्पा माझ्याकडे टक लावून पाहत होते. मी हसलो आणि म्हणालो, "छान झालेत."

आठच दिवसांत आठही खोकी परत आली. मुलं कानांवर हात ठेवतात, असा निरोप होता. आप्पा थेट माझ्या घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"साहेब, त्या दिशी तुम्हाले टोचलं होतं?"

"हो, आप्पा."

"मग बोलनात का नही? लूमवर कोणाले काही ऐकू येत नही. आम्ही एकमेकांचं तोंड पाहीसन बोलणं वाचतो. मी त्या दिशी अ‍ॅम्प ऐकतच नव्हतो, साहेब. मी तुमचं तोंड पाहत होतो."

मी रोज येऊन बसेन, तुम्ही बदल करत जा, मी ऐकून सांगेन, असं काहीबाही बोललो. ते जिना उतरतच म्हणाले, "आता तुम्ही चांगलं म्हणनात तरी मी ते कसं मानू?"

दोन महिन्यांनी कळलं की आप्पा पुन्हा लूमवर गेले. मी तिथे गेलो. कारखान्यात पाऊल टाकलं आणि स्वतःचा श्वासही ऐकू येईना. आप्पा दोन लूमच्या मधल्या बोळात उभे होते. मला पाहून त्यांनी मान हलवली. त्या खडखडाटात ओरडून उपयोग नव्हता, म्हणून मी समोर जाऊन एकेक शब्द सावकाश, तोंड नीट उघडून म्हणालो, "आप्पा, माझं चुकलं. मला माफ करा."

पण माझे ओठ हलायला लागले तेव्हाच आप्पांनी मान खाली घातली होती. ते तुटलेला धागा जोडत राहिले. मी आणखी दोनदा तेच म्हणालो. त्यांनी वर पाहिलं नाही.