ऑगस्टातल्या साठ पायऱ्या

नदीकाठच्या नाउता गावची शिंपीण देल्मिरा तापुयिमा हिचे पाय लहानपणीच पोलिओने गेले होते. नदी भरलेली असली की लाँच थेट रस्त्याला लागते आणि तिची चाकाची खुर्ची फळीवरून सरळ आत येते. ऑगस्टात नदी खाली जाते, मग काठावर चिखलात खोदलेल्या साठ पायऱ्या उघड्या पडतात. त्या दिवसांत देल्मिरा कुठे जात नसे.

त्या वर्षी लाँचने दिवसभराच्या अंतरावरच्या रेकेना गावाहून निरोप आला, धाकटी बहीण ओर्फेलिना तापाने अंथरुणाला खिळलीय. देल्मिराचं शिवणात लक्ष लागेना. टीप घालायची, उसवायची. काठापर्यंत यायची, खाली बघून परत फिरायची. चौथ्या सकाळी मांडीवर गाठोडं घेऊन ती आलीच. मी तेव्हा लाँचवर स्वयंपाक करायचे.

हमाल पुढे झाले. आमच्याकडे बाईला मानाने 'दोन्या' म्हणतात. "चला दोन्या, खांद्यावर घेतो. पोत्याहून हलक्या आहात!"

"मागे एकदा असंच म्हणालात आणि चिखलात आपटलंत. मला हात लावायचा नाही. खुर्ची तेवढी आणा."

ती पायरीवर बसली आणि हातांवर भार देत एकेक पायरी उतरू लागली. कप्तान रेमिहियोने तीनदा भोंगा वाजवला.

"दोन्या, लाँच तुमच्यासाठी थांबायची का?"

"थांबायची! आणि दुसरी फळी टाका."

"सगळे एकीवरूनच येतात."

"सगळे पायांनी येतात."

पातेलं तसंच टाकून मी फळी ओढून आणली. दोन फळ्यांवरून ती सरकत आत आली.

लाँचवरच्या शौचालयाचा उंबरा गुडघाभर उंच, दार अरुंद. खुर्ची जाईना. मी माशाचं कालवण नेलं तर म्हणाली, "नको गं. खाल्लं-प्यायलं की जावं लागेल." दिवसभर घोटभर पाणीही प्यायली नाही. गाठोड्याची गाठ तेवढी सोडत-बांधत राहिली.

संध्याकाळी रेकेना आलं. इथे चढायचं होतं. अर्ध्यावर ती मान खाली घालून बसली. मला वाटलं, संपलं. इतक्यात वरून आवाज आला. ओर्फेलिना घोंगडी पांघरून काठावर उभी होती.

"वेडी झालीस का? पाणी चढल्यावर यायचं ना!"

"तोवर तू थांबणार होतीस का?"

देल्मिरा पुन्हा चढू लागली.

सकाळी लाँच सुटण्याआधी मी ओर्फेलिनाच्या घरी डोकावले. देल्मिराचे हात तोंडापर्यंत उचलले जात नव्हते. ओर्फेलिना स्वतः कुडकुडत तिला केळ्याची लापशी भरवत होती.

"आता दोघीही आजारी," ती म्हणाली आणि पुढच्या घासावर फुंकर घातली.

पंधरवड्यात ओर्फेलिनाचा ताप उतरला. पण देल्मिरा तिथेच अडकली. आमच्या दर फेरीला ती दिसायची, खुर्ची अगदी काठाच्या कडेला आणलेली.

"येतेस का गं?" एकदा मी खालून विचारलं.

"खांदा अजून चालत नाही," ती ओरडली, "नाहीतर आजच उतरले असते!"