उजवा डोळा मागायला निघालो होतो

मी आज फोटो काढतो ते कोंडाबाईंमुळे. त्या मेंढपाळ आहेत, वयाने माझ्या आजीएवढ्या. आमची भेट जेमतेम तासाभराची. तरीही सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आधी त्यांचंच नाव घेतो.

आमच्या घरात पहिला पदवीधर मी. वसमतला शिकवणी वर्गावर गणित शिकवायचो आणि रविवारी जुना कॅमेरा गळ्यात घालून मिळेल त्या एसटीत बसायचो. जवळा बाजारचा आठवडी बाजार, कनेरगाव नाक्यावरचे ढाबे, मग पुढचे जिल्हे, असं करत प्रवासाचं आणि फोटोंचं वेडच लागलं. घरातल्या कुणीच पाहिलं नाही ते आपण पाहतोय आणि घरी आणतोय, याचं फार अप्रूप वाटायचं. अशातच उजव्या डोळ्यापुढे काळी सावली आली. डॉक्टर म्हणाले, पडदा सरकलाय. शस्त्रक्रिया झाली, पण तेल लावलेल्या कागदातून पाहावं तसंच त्या डोळ्याला दिसत राहिलं. कॅमेरा मी उजव्याच डोळ्याला लावायचो. घरी आल्यावर लावून पाहिला, तर समोर नुसता धूर. त्या दिवशी तो ट्रंकेत टाकला आणि आठ महिने बाहेर काढला नाही. बापू, म्हणजे माझे वडील, रोज देवापुढे दिवा लावत. मला त्या दिव्याचाही राग येई.

दिवाळीनंतर बापूंनी औंढ्याला जायचं ठरवलं. "नागनाथापुढं कॅमेरा ठिवू, डोळा मागू. तू कायबी बोलू नको, नुसता चल." त्यांचं मन मोडवेना म्हणून निघालो. शिरड शहापूर सोडलं आणि आमची काळीपिवळी जीप पंक्चर झाली. स्टेपनीही बसलेली. ड्रायव्हर चाक घेऊन कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे गेला. बापू बाभळीखाली बसले. मी चिडून रस्त्याकडेच्या शेतात शिरलो.

सोयाबीन निघालेलं ते रान. खतासाठी त्यात मेंढ्या बसवलेल्या होत्या. दिवसभर चरून मेंढ्या परतल्या होत्या आणि एक म्हातारी जाळीच्या कुंपणातून एकेक कोकरू काढून त्याच्या आईला नेऊन देत होती. त्याच कोंडाबाई. मला पाहताच म्हणाल्या, "काहून उभा राहिला बाबा? धर हे. त्या पल्याडच्या काळीला दे."

काळ्या तर पन्नास होत्या. मी एकीपुढे कोकरू ठेवलं. तिने हुंगलं आणि डोक्याने उडवून लावलं.

"अगं बया! शिकेल दिसून राहिला, अन् कोण कोणाची माय एवढं कळंना?"

"मावशी, मला साऱ्या सारख्याच दिसतात. एक डोळा गेलाय माझा."

"मग दुसरा काहून घरी ठिवला? तोंड पाह्य तिचं, तोंड! पाठ पाहून का माय वळखू येती?"

कित्येक महिन्यांनी मी हसलो. मग डोळ्याचं, कॅमेऱ्याचं, नागनाथाचं, सगळं सांगून टाकलं. काखेत कोकरू धरून त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "फोटूवाले एक डोळा मिटूनच पाहतेत न्हवं? पोरीच्या लग्नात पाहिलं म्या. मग उजवा मीट अन् डाव्यानं पाह्य. त्यात काय तकलीफ हाय?"

आठ महिन्यांत हे मला सुचलं नव्हतं. मला फक्त गेलेला डोळा दिसत होता. धावत जाऊन बापूंजवळच्या पिशवीतून कॅमेरा आणला, डाव्या डोळ्याला लावला. नाक मागच्या काचेवर दाबलं गेलं, बोटं चुकत होती. पण चौकटीत कोंडाबाईंचा चेहरा स्वच्छ होता, सुरकुतीन् सुरकुती.

"काढू का मावशी?"

"काढ की. तीन-चार काढ, अन् धाडून दे मला. पन कोकराला दृष्ट लागू नगं," म्हणत त्यांनी त्याच्यावरून बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंनी कॅमेरा कपाळाला लावून मंदिराच्या पायरीपाशी ठेवला. मी हात जोडले, तर मागायला काही सुचेना. डोळे भरून आले, तेवढंच. जीपच्या चाकात काटा कुणी रुतवला, हे मी सांगू शकत नाही. एवढं कळलं, की हवं तेच मिळावं म्हणून मूठ आवळून बसलो होतो. ती सैल झाली, तेव्हा देवाने आधीच दिलेलं हाताला लागलं.

पुढे फोटो कागदावर छापून कोंडाबाईंनी सांगितलेल्या त्यांच्या गावी टपालाने पाठवले. सोबत हे पत्र:

"कोंडाबाई मावशींना नमस्कार. घरात ज्याला वाचता येतं त्याने हे मोठ्याने वाचावं.

तुमचे तीन फोटो पाठवतोय. उशीर झाला, रागावू नका. मध्यंतरी पैनगंगेच्या काठाने चार दिवस पायी फिरलो. पूर्वी मी लांबूनच डोंगर, देवळं टिपायचो. माणसांजवळ जायची लाज वाटायची. आता थांबतो, बोलतो, विचारून मग काढतो.

उजवा डोळा होता तसाच आहे. बापू त्याच्यासाठी अजून मागतात. मी मागत नाही, आणि त्याचं दुःखही वाटत नाही.

त्या संध्याकाळी चाक आल्यावर ड्रायव्हरने हाका मारल्या आणि मी तसाच पळत निघालो. तुमच्या पाया पडायचं राहिलं, मावशी. आता पडतो."