बोटाचा खड्डा

यीस्टनं फुगलेल्या डोनटवर सुनेनं बोट दाबलं. पडलेला खड्डा सावकाश भरून आला.

"मामंजी, आता हे तळायला तयार. विचारलं की सांगतं बिचारं, तुमच्यासारखं नाही!"

मी चौथीपर्यंत शिकलेला, पण बोटाची भाषा मला कळते. ती कढईकडं वळली तशी मी धोतर सारून सुजलेल्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला. महिनाभर असंच चाललंय. डॉक्टरला दाखवायचं नाही, घरात बोलायचं नाही, असं मीच ठरवलेलं. आयुष्यभर कुणापुढं पाय केला नाही.

पिठाचा गोळा मात्र निमूट बोट लावू देतो. त्यात त्याचं काय कमी झालं?

"सूनबाई, गॅस बंद कर," मी म्हणालो. "हात पुसून ये. इथं एकदा दाबून बघ."